वैशूची अंघोळ

त्या दिवशी दुपारी मी आणि सुलूनं, माझ्या बायकोनं, मिळून चादरी वाळत घातल्या. हेच आमचं शेवटचं एकत्र काम. मोठं काय नाय. इथं परदेशात, हौगांगला, आमच्या बिल्डिंगीत कपडे वाळवायला खिडकीबाहेर नळ्या मारलेल्या असतात, त्यात बांबूची लांब काठी खुपसायची, पण कपडे आधी घरातच काठीवर घालून घ्यायचे, चिमटे लावायचे आणि मग अख्खी काठी उचलून खिडकीबाहेर काढायची, आठव्या मजल्यावरून. ओली चादर असली की काठी ही जड होते, सुटली तर खालून जाणाऱ्याचं डोकं फुटायचं, म्हणून काठी माझी आणि चिमटे तिचे. ती मला बोलली, अहो सरळ धरा की, एवढी वर्षं जहाजावर काय केलंत. मी बोललो, जहाजावर बायको नव्हती मधे मधे करायला. ती हसली नाय. ती हसायचीच नाय अशी, नुसतं नाकातून हूं करायची. हूं केलं, चिमट्यांची टोपली ठेवली, आमच्या पोरीच्या, वैशूच्या खोलीत जाऊन तिची कूस बदलली, बाहेर येऊन सोफ्यावर बसली आणि बोलली, जरा चहा टाका. मी चहा घेऊन आलो तर मान एका बाजूला कललेली. मला वाटलं डोळा लागला. मी तिच्या कपावर बशी झाकून ठेवली, गार होऊ नये म्हणून. बशी झाकली मी, काय सांगू तुम्हाला.

आता तुम्ही तिच्यावर लिहायला आलात, बसा, विचारा काय ते. पण आधी सांगतो, ते जिद्द, त्याग, मातृशक्ती असलं काय लिहायचं असेल तर तो रेकॉर्डिंगचा फोन बंद करा आणि जा. या दिवसांत मी ते इतकं ऐकलं, इतकं ऐकलं, की कानात मळ साचल्यासारखं झालंय. शिसारी येते मला. माणूस मेलं की लोकांच्या तोंडाला कसली धार लागते. जिवंत होती तेव्हा एक जण बोलला नाय की सुलूवहिनी, आज तुम्ही झोपा, मी वैशूला भरवतो.

मी दाभोळकडचा. बाप मचव्यावर होता, मी चौथीनंतर शाळा सोडली आणि खाडीतच वाढलो, मग मुंबईला जाऊन जहाजावर खलाशी लागलो, मग इंजिनात, आणि शेवटी इथल्या गोदीत फिटर म्हणून चिकटलो ते चिकटलोच. सुलू गुहागरच्या बाजूची. ती माझ्यापेक्षा शिकलेली, सातवी. वैशाली आमची पहिली, गावाला झाली. अडकली होती, बाहेर आली ती निळी, रडलीच नाय. सुईण तिला उलटी धरून थोपटत होती आणि सुलू पडल्या पडल्या ओरडत होती, जोरात मार, जोरात मार. मग रडली. पण तेवढ्यात डोक्याला हवा कमी पडली ती पडलीच. हात पाय आखडलेले, मान धरत नाय, बोलता येत नाय. पण एक लिहा, हे आधी लिहा, वैशूला समजतं सगळं. आता पंचेचाळिशी ओलांडली तिनं, आपण इथं काय बोलतोय ते आत पडून ऐकतेय ती. म्हणून मी हळू बोलत नाय. तिच्यामागे बोलायचं ते तिला ऐकू जाईल असं बोलायचं, ही सुलूची सक्ती होती घरात.

गावाला लोक बोलायचे, देवाचं लेकरू आहे. मी म्हणायचो देवाचं आहे तर देवानं एक दिवस येऊन धुवावं. पोरगी मोठी झाली, बाराची तेराची झाली आणि तिला पाळी आली, मी सुट्टीला गावी गेलो होतो तेव्हा, तर माझी थोरली भावजय सुलूला बाजूला घेऊन काय बोलली, पिशवी काढून टाका म्हणून, नाहीतरी हिला काय उपयोग, तुझा तरी त्रास वाचेल. तिथला एक डॉक्टर पण तेच बोलला, हसत हसत बोलला, जसं काय दाढ काढायची आहे. सुलू बोलली, हिची पिशवी दुखते का? नाय दुखत. मग ज्यांना त्रास होतोय त्यांचं काय काढायचं ते काढा. डॉक्टरला बोलली ती हे, सातवी शिकलेली बाई. मी दाराशी उभा होतो, मला कळेना हसू का काय करू. भावजय दोन वर्षं बोलली नाय आमच्याशी. ती वर्षं बरी गेली.

मग मी दोघींना इथं आणलं कायमचं. नितीन, आमचा मुलगा, इथंच जन्मला, वैशूच्या बराच पाठचा. इथं बरं होतं, खोटं नाय बोलणार, लिफ्ट आहे, खुर्ची गाडीत चढते, वैशूला शाळा मिळाली तिच्यासारख्या मुलांची, तिथं ती चित्रांवर नजर लावून हो नाय सांगायला शिकली. पण शाळा वयापुरती. वय संपलं, शाळा संपली, पोरगी घरात. आणि बाईचं वय वाढतं तसं पोरीचं वजन पण वाढतं, हे कोणी लिहीत नाय. माझं काम उचलायचं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात. न्हाणीघरात प्लास्टिकच्या खुर्चीत वैशूला बसवली की मी बाहेर यायचो आणि दार ओढून घ्यायचो. आतलं सगळं सुलूचं. अंघोळ, केस, कपडे, महिन्याचं. कधी कोणी ठरवलं नाय हे, पण वैशू मोठी झाली तेव्हा तिनं एकदा माझ्याकडे बघून मान फिरवली होती, आणि सुलू बोलली, अहो, बाहेर. तेव्हापासून दार ओढायचं.

आपल्या लोकांचं काय सांगू. आपलं इथं मंडळ आहे, म्हणजे बरीच आहेत, त्यातलं एक. पुण्यामुंबईची शिकलेली पोरं, चांगली पोरं, गणपतीला मोदक चांगले असतात. त्यांनी महिला दिनाला सुलूचा सत्कार ठेवला. सुलू जात नव्हती, मी बोललो चल, वैशूला पण घेऊन जाऊ, तिला गाणी आवडतात. गेलो. वैशूला गाणं ऐकून आनंद झाला की ती आवाज काढते, मोठा आवाज. तर एक बाई आली पैठणी नेसलेली, माझ्या कानाशी लागली, काका, रेकॉर्डिंग चालू आहे, हिला जरा बाहेर फिरवून आणता का. मी वैशूला घेऊन बाहेर, आणि आत माईकवर चाललंय, या माउलीनं आपल्या लेकीसाठी आयुष्य वाहिलं. कोणत्या लेकीसाठी? तिला तर तुम्ही बाहेर घालवली. सुलू शाल आणि नारळ घेऊन बाहेर आली, बोलली, चला, आणि आम्ही एमआरटीच्या गाडीनं घरी आलो. दुसऱ्या दिवशी तिनं नारळ फोडला, चाखला आणि बोलली, नारळ मात्र चांगला दिलाय. त्याच्या वड्या केल्या, निम्म्या आम्ही खाल्ल्या, निम्म्या वरच्या मजल्यावर रोहानाकडे गेल्या.

ही रोहाना कोण, तर नवव्या मजल्यावर आमच्या बरोबर डोक्यावर राहते, मलय बाई, सुलूपेक्षा दहाबारा वर्षांनी लहान, नवरा वारलेला. तिचा मुलगा अमीर, आडवा उभा मोठा माणूस झालाय पण मन पाच वर्षांच्या पोराचं, त्याला एकटा सोडला की बाहेर पळतो आणि लिफ्टची बटणं दाबत बसतो, वर खाली, वर खाली. सुलूचा खांदा गेला, हात वर होईना, तेव्हा लिफ्टमधे रोहानानं बघितलं आणि सरळ विचारलं, तुझ्या मुलीला अंघोळ कोण घालतं. सुलू बोलली मीच. रोहाना बोलली, खोटं, तुझा हात तर असा लोंबतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली, अमीर उठायच्या आत. माणुसकी बिणुसकी काय नाय हां, तिनं पहिल्याच दिवशी सौदा केला. मी सकाळी तुझ्या मुलीला अंघोळ घालीन, नंतर तू वर येऊन माझ्या मुलाजवळ बसायचं, मला बाजाराला जायचंय. संपलं. किती वर्षं चाललं हे. सुलू मोडकं तोडकं मलय बोलायची, ती सिनेमातलं हिंदी, दोघींचं भांडण पण व्हायचं, साबणावरून, केस किती वेळ पुसायचे त्यावरून. वैशूला अनोळखी हात लागला की अंग लाकडासारखं आखडतं, मग दोघातिघांना ऐकत नाय. रोहानाच्या हाताखाली ती मऊ राहायची. घरकामाला बाई ठेवून बघितली होती मधे, पंधरवड्यात रडत निघून गेली बिचारी.

तुम्ही विचारता ना, कसं निभावलं म्हणून. असं निभावलं. दोन बायकांनी एकमेकींचं काम वाटून घेतलं. ह्याला शाल लागत नाय.

तर सुलू गेली. नितीन त्याच्या पुंगोलच्या घरून आला, सून आली, आणि सुनेची आई, आमच्या विहीणबाई, त्या पुण्याहून लेकीकडे आलेल्याच होत्या, त्या पण आल्या. त्यांनी स्वयंपाकघर हातात घेतलं. वाईट नाय बाई, भात आमटी वेळेवर. सुनेनं दोन दिवस वैशूचं केलं, हातमोजे घालून, ओठ दाबून, तिसऱ्या दिवशी मला बोलली, बाबा, मला जमत नाही, तिचं अंग इतकं आखडतं की मला वाटतं हाड मोडेल. खरं बोलली, मला राग नाय आला. मग पैसे देऊन नर्स बोलावली, ती रोज वेगळी यायची, आणि वैशू रोज लाकूड. शेवटी ओल्या फडक्यानं तोंड आणि हातपाय पुसायचे, तेवढंच. दहा दिवस माझी पोरगी न्हाली नाय. खोलीत वास यायला लागला, आणि तिला तो येत होता, तिचं नाक चांगलं आहे. ती डोळे मिटून घ्यायची मी जवळ गेलो की. मी वाट बघायचो, आज रोहाना येईल, आज येईल. नाय आली. मी म्हटलं, सुलू होती तोवर सौदा होता, सुलू गेली, सौदा संपला. ही पण तशीच निघाली. जगाची घाण वाटायला लागली मला.

आणि नितीन फोनवर असायचा. मला सगळं ऐकू येत होतं. पुण्याजवळ संस्था आहे, झाडंबिडं आहेत, विहीणबाईंच्या ओळखीची आहे, तिथं वैशूला ठेवायची. मी बोललो ती इथंच राहील. नितीन बोलला, बाबा, तुम्ही सत्तरीच्या पुढे, ठीक आहे, जेवण मी लावून देतो, बाकी सगळं बघतो, पण तिला अंघोळ तुम्ही घालणार? पॅड तुम्ही बदलणार? मी वैशूच्या खोलीकडे बघितलं. तो बोलला, मग? नातू पण तिथंच बसलेला, मोबाईलमधून डोकं वर काढून बोलला, आजोबा, कॅनॉट लाह, म्हणजे जमणार नाय. त्याला तरी काय बोलायचं.

दहाव्याला समुद्राकाठी गेलो. गुरुजी म्हणजे आपल्यातलाच एक पोरगा, बुओना व्हिस्टाला कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे, शनिवार रविवार पूजा सांगतो, आमच्यासाठी अर्धा दिवस रजा काढून आला होता. पिंड मांडला. इथं पक्ष्यांना खायला घातलं तर दंड होतो, म्हणून नितीन सारखा इकडे तिकडे बघतोय कोणी येतंय का. कावळा होता, कठड्यावर बसला होता, चांगला जाड कावळा, आणि पिंडाकडे बघत पण होता, पण हलेना. तुम्हाला ठाऊक आहे, कावळा शिवेना की जिवंत माणसांनी बोलायचं असतं, गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून शब्द द्यायचा असतो. सगळ्यांना ठाऊक होतं कशात अडकलंय. नितीन बोलला, आई, ताईला मी बघीन. कावळा बसलेलाच. विहीणबाई हात जोडून, ताईंची व्यवस्था एकदम छान करू, निश्चिंत जा. दाभोळहून भावाचा व्हिडिओ कॉल लावलेला, तो तिथून ओरडतोय, वहिनी, आम्ही आहोत, आम्ही आहोत. ह्या माणसानं आयुष्यात वैशूच्या कपाळाला हात लावला नाय, लाळ लागेल म्हणून, आणि आता समुद्रापार ओरडतोय आम्ही आहोत.  मला वाटलं तो फोन घेऊन पाण्यात टाकावा.

मग गुरुजी बोलला, काका, तुम्ही बोला. मी बोललो, सुलू, अंघोळीचं काय करायचं मला ठाऊक नाय. सगळे खाली बघायला लागले. गुरुजी हळूच बोलला, काका, असं नाही म्हणायचं, आश्वासन द्यायचं असतं. मी बोललो, तिला खोटं चालत नसे. त्यानं घड्याळ बघितलं, त्याची पण मीटिंग होती, पिशवीतून दर्भ काढला, त्याचा कावळा केला आणि पिंडाला लावला. झालं. शास्त्रात आहे म्हणे. खरा कावळा कठड्यावर, आणि गवताचा कावळा माझ्या बायकोला वाटेला लावतोय.

घरी येऊन जेवायला बसलो. नितीननं विषय काढला, पुढच्या महिन्याची तिकिटं, व्हीलचेअरची सोय. वैशू आत, दार उघडं. मी जेवत होतो म्हणजे भात चिवडत होतो. विहीणबाई मला वाढता वाढता बोलल्या, आजपासून सुतक सुटलं, आता कोणी आलं गेलं तरी चालेल, मी सगळं नीट पाळलं हो, ती वरची बाई दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन दारात आली होती, काय मटणबिटण असेल, आणि सरळ आतच शिरत होती ताईंच्या खोलीकडे, मी हातानं सांगितलं, नो टच, टेन डेज.

माझा हात ताटातच राहिला. मी विचारलं, कोण बाई. त्या बोलल्या, ती डोक्याला रुमाल बांधते ती. सुतकात परक्यानं शिवायचं नसतं ना, तिच्या भल्यासाठीच सांगितलं. आणि भल्यासाठीच सांगितलं होतं त्यांनी, त्यांच्या तोंडावर दिसत होतं, त्यांना वाटलं मी शाबासकी देईन. सुतक आम्हाला, नियम आमचा, आणि त्यापायी वैशू दहा दिवस घामात पडलेली. मी ताट बाजूला केलं. नितीनला बोललो, तिकिटं काढू नकोस. तो बोलला, बाबा, पण अंघोळ? मी बोललो, उद्या सांगतो. आता सगळे आपापल्या घरी जा. विहीणबाईंना वाईट वाटलं. वाटू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि जिन्यानं वर गेलो. रोहानाच्या जाळीच्या दाराशी उभा राहिलो. तिनं आतून बघितलं, दार उघडलं नाय. बोलली, व्हॉट, अंकल. मी काय बोलू, माझी भाषा अशी, मी बोललो, सॉरी, मला ठाऊक नव्हतं, त्या बाईनं सांगितलं ते चूक. तिनं ऐकून घेतलं. मग सुटली ती. बोलली, तुमचे लोक मला सांगतात शिवू नको, किती वर्षं मी त्या पोरीच्या डोक्याला साबण लावला, आणि माझ्या मैत्रिणीला शेवटचं बघायला पण खालूनच, व्हॉइड डेकवर, बिल्डिंगीखाली मयत ठेवलं तिथं, सगळ्यांच्या मागे उभी राहून. आणि इथं हा अमीर रोज दारात बसतो, सुलू आली नाय, सुलू आली नाय, मी बाजाराला गेले नाय, घरात अंडी पण नाहीत. मी बोललो, आजपासून मी बसतो त्याच्याजवळ. ती बोलली, तुम्ही? मला हसली, चांगलं नाय हसली. बोलली, तो चिमटे काढतो. मी बोललो, काढू दे. तो बटणं दाबायला पळतो. मी बोललो, मी पण पळीन. तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं माझ्याकडे. मग बोलली, अंघोळ बाजारातून आल्यावर नाय, आधी पोरगी. न्हाऊन किती दिवस झाले? मी सांगितलं. तिनं कसलातरी देवाचा शब्द उच्चारला, चपला घातल्या आणि माझ्या पुढे खाली.

वैशूनं तिला बघितलं आणि मान वर करायला लागली. रोहाना तिला मलयमधे शिव्याच देत होती बहुतेक, गालाला हात लावून. मी वैशूला उचलली, न्हाणीघरात नेऊन खुर्चीत बसवली, बाहेर आलो, दार ओढलं. आतून रोहाना ओरडली, अंकल, रन, अमीर एकटा आहे. मी पळालो. लिफ्टची वाट बघत बसलो तर झालंच, जिन्यानं, गुडघे दाबत, वर पोचलो तर हा लिफ्टसमोर उभा, बोट बटणावर. मला बोलला, सुलू? मी बोललो, सुलू नाय. त्यानं विचार केला आणि मला चिमटा काढला, दंडाला, चांगला जोरात. मी त्याला घरात आणला, दोघं न्हाणीघराच्या खिडकीशी जमिनीवर बसलो.

आणि खालून आवाज आला. वैशूच्या डोक्यावर पहिलं पाणी पडलं की ती ओरडते, खुशीनं, लहानपणापासून, अख्ख्या बिल्डिंगीला ऐकू जाईल असं. अमीरनं कानात बोटं घातली आणि हसायला लागला.

रोहाना साठीची, मी सत्तरीच्या पुढे. किती दिवस चालेल, मला विचारू नका. मी खिशातून फोन काढला आणि नितीनला सांगितलं, अंघोळ झाली.